पाण्याच्या उलट

चिप्सवर व्हिनेगर किती घालू असं काउंटरवरच्या बाईने विचारलं आणि त्याच क्षणी मागून माझ्या मानेवर एक हात पडला. थंड नव्हता, ओला नव्हता, साधा माणसाचा हात होता. पण पडला तो नेमक्या जागी. कॉलरच्या वर, कानाच्या खाली, जिथे दोन वर्षांपूर्वी शेवाळाची माळ टेकली होती. अकरा वर्षं डोंगरावर बसून समुद्रातले शार्क शोधण्याचा पगार घेतलेला मी माणूस, पण मागून आलेला हात काही मला दिसला नाही. "भरपूर," मी म्हणालो, आणि बाईने चिप्स व्हिनेगरमध्ये बुडवून काढल्या. "काय डोंगरवाले!" हाताचा मालक म्हणाला. "खाली उतरलात वाटतं." नॉर्मन जेफ्ता. स्टेशनजवळचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, आता मुलीकडे दिलेलं. पूर्वीपेक्षा बारीक. केप टाउनमध्ये एकमेकांना टाळायचं म्हटलं तर ते फार सोपं आहे, मध्ये अख्खा डोंगर आडवा पडलाय. मी दोन वर्षं आणि काही महिने दुसऱ्या दुकानातून पाव, तिसऱ्यातून मासे घेऊन ते जमवलं होतं; त्या दिवशी तिसरं दुकान बंद होतं, एवढंच. नॉर्मनने माझ्या पुडीतली एक चिप उचलली, खाल्ली आणि हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, "शनिवारी काय करताय? क्लाइनबाईहून शार्क बघायला नेतात ना, पिंजऱ्यात घालून, ते. दोन तिकिटं आहेत माझ्याकडे. सवयीने दोन घेतली हो. नावं घाला म्हणाले, मी घातली. माझं आणि युनिसचं." मग आणखी एक चिप उचलून, "तुम्ही जन्मभर वरून बघितलेत. एकदा खालून बघा."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो. कारण दोन वर्षं मी एक वाक्य घडी घालून खिशात ठेवलं होतं, आणि ते ज्याला द्यायचं तो माणूस समोर उभा राहून माझ्या चिप्स खात होता.

आमचा धंदा तसा जुना. माझे वडील डोंगराच्या त्याच कडेवर बसायचे. खाली कोळी किनाऱ्यावरून ओढायचं जाळं घेऊन तयार, आणि वरून वडील यलोटेल माशांचा थवा शोधायचे. दिसला की सदरा काढून फिरवायचे, डावीकडे, उजवीकडे, आता. मीही तेच केलं, वीस वर्षं. मग मासे कमी झाले, पोहणारे वाढले, आणि कोणीतरी हिशेब मांडला की ज्याला वरून यलोटेल दिसतो त्याला शार्कही दिसेल. म्हणजे आधी मी मासे पकडून देण्यासाठी बघत होतो, नंतर माणसं वाचवण्यासाठी बघू लागलो. बसायचा दगड तोच. फरक एवढाच की आता टोपी मिळाली, दुर्बीण मिळाली, खाली किनाऱ्यावर वायरलेस घेऊन शिरीन नावाची एक खमकी बाई मिळाली, आणि चार निशाणं. हिरवं म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय आणि त्यात काही नाही. लाल म्हणजे नुकताच दिसला होता, जपून. पांढरं, त्यावर काळा मासा, आणि भोंगा, म्हणजे सगळे बाहेर, आत्ता. आणि काळं. काळं म्हणजे मला नीट दिसत नाहीये. ऊन चकाकतंय, ढग आहे, पाणी गढूळ आहे, काहीही. मी इथे बसलोय, पण माझ्या भरवशावर राहू नका. अज्ञान जाहीर करायला स्वतंत्र झेंडा असलेला जगात आमचा एकच धंदा असावा. संसदेवर असा एक लावला असता तर तो कधी खाली उतरला नसता. आम्हीसुद्धा तो क्वचितच लावायचो. काळं लावलं की खालून लोक वर बघायचे, आणि इतक्या उंचावरूनही मान कशी हलली ते कळतं.

शनिवारी सहाला नॉर्मनने हॉर्न वाजवला. गाडी मी चालवायची असं त्याने ठरवूनच टाकलं होतं, कारण डोळे तुमचे चांगले. तो शेजारी बसला, मांडीवर डबा. सर लॉरीच्या घाटात त्याने उकडलेली अंडी सोलली, हर्मनसपर्यंत तो मुलीच्या नवऱ्याबद्दल बोलला, आणि स्टॅनफर्ड मागे पडल्यावर डब्याचं झाकण लावून खिडकीबाहेर बघू लागला. मी वाक्याची घडी दोनदा उघडून पाहिली. शब्द सोपे होते. नॉर्मन, मी त्या दिवशी वायरलेसवर शेवाळ म्हणालो ते शेवाळ नव्हतं. बस्स. एवढं सांगायला दोन वर्षं लागतात हे जो सांगत नाही त्यालाच कळतं. प्रत्येक वळणावर मी म्हणायचो, पुढच्या वळणावर. पुढे रस्ता सरळ झाला.

क्लाइनबाईच्या धक्क्याजवळच्या शेडमध्ये त्यांनी आम्हाला कॉफी दिली आणि एक कागद सह्या करायला दिला. कागदात काय काय होऊ शकतं ते सगळं होतं, फक्त शार्क दिसेल एवढं नव्हतं. कप्तान फर्डी, उन्हाने भाजलेला धिप्पाड गडी, टेबलावर बसून तेच सांगत होता. "मंडळी, पांढरा शार्क येईल याची हमी मी देत नाही. पूर्वी दिवसाला दहा यायचे. आता किलर व्हेल आल्यात, त्या पांढऱ्याला धरतात, नुसती कलेजी खातात आणि बाकीचा सोडून देतात. म्हणून तो घाबरून लांब गेलाय. तांबूस शार्क येतील, ते भले लोक आहेत. पांढरा आला तर नशीब तुमचं." शार्कलाही कोणाची तरी भीती आहे हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मग त्याने यादी वाचली. दोन जर्मन, एक डच कुटुंब, "नॉर्मन जेफ्ता?" हजर. "युनिस जेफ्ता?" फर्डीने वर पाहिलं. नॉर्मनने शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "हे." फर्डीने मला पाहिलं, माझ्या मिशा पाहिल्या, यादी पाहिली. त्याने आयुष्यात बरेच पर्यटक पाहिले असावेत. "बरं," तो म्हणाला आणि खूण केली. मी हजर म्हणालो. माझा आवाज माझ्याच कानाला जरा बारीक वाटला.

युनिसला मी अकरा वर्षं पाहिलं ते नारिंगी टोपी म्हणून. रोज सकाळी सात वाजता ती वाळूवर यायची, पाण्यात पाय टाकण्याआधी डोंगराकडे तोंड करून हात हलवायची, आणि मग एक नारिंगी ठिपका लाटांच्या पलीकडे जाऊन किनाऱ्याला समांतर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एखादा शिंपी सावकाश दोरा घालत जावा तसा जायचा. मी टोपी काढून उत्तर द्यायचो. ते तिला दिसणं शक्यच नव्हतं. मी सडाफटिंग माणूस. माझ्या दिवसातलं हे एकच अगत्य होतं आणि ते मी कोणालाही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. चेहरा मी एकदाच जवळून पाहिला. त्या रविवारी. दुपार, पाण्यात चारशे माणसं, आणि मला दुसऱ्या लाटेपलीकडे काळं काहीतरी दिसलं. मी शिरीनला सांगितलं, तिने पांढरं चढवलं, भोंगा वाजवला, चारशे माणसं किंचाळत बाहेर आली, पोरं रडली, एका म्हाताऱ्याचे दात पाण्यात राहिले. अर्ध्या तासाने जीवरक्षक रबरी होडीतून जाऊन आले तर शेवाळ. आमच्याकडचं शेवाळ म्हणजे नळीसारखं, पुरुषभर लांब, त्याचा एक मोठा झुबका. पाळी संपवून मी खाली गाड्यांच्या तळावर आलो तर तिथे मंडळी माझी वाट बघत होती. नॉर्मन जेफ्ता पुढे झाला, त्याने शेवाळाचा मनगटाएवढा जाड दोर माझ्या गळ्यात घातला आणि भाषण केलं. "समुद्रातल्या समस्त पालेभाजीपासून आमचं रक्षण करणाऱ्या डोंगरवाल्यांचा हा सत्कार." टाळ्या पडल्या. फोटो निघाले. मीही हसलो, अशा वेळी दुसरं काय करतात? शेवाळाचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. तेव्हा नारिंगी टोपी हातात घेतलेली एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई पुढे आली, नवऱ्याला म्हणाली, "पुरे की रे, नॉर्मन," आणि माळ काढून तिने वाळूत टाकली. मग माझ्याकडे वळून, "वर बसता ते तुम्हीच का? मी रोज हात करते. दिसतो का?" मी म्हणालो, "दिसतो." ती म्हणाली, "मग बरं."

बोट डायर बेटाच्या अलीकडे नांगरून उभी राहिली. फर्डीच्या माणसाने माशाचा लगदा आणि तेल पाण्यात ओतायला सुरुवात केली. तो वास नाकात जात नाही, दातांवर बसतो. पाण्यावर तेलाचा एक गुळगुळीत रस्ता तयार झाला. दोरीला टूना माशाचं डोकं बांधून एक जण ते फेकायचा आणि ओढून घ्यायचा. खाऊ द्यायचं नाही, नुसतं दाखवायचं, असा कायदा आहे. डच बाईने विचारलं की मग शार्कला काय मिळतं. फर्डी म्हणाला, "आशा." भाड्याचा रबरी पोशाख आधीच ओला होता, कोणा दुसऱ्याच्या अंगाच्या आकाराचा. कमरेला शिशाचा पट्टा बांधला. एकीकडून तांबूस शार्क आले, जर्मन पिंजऱ्यात उतरले, किंचाळून वर आले, मग डच. नॉर्मन कठड्याला धरून उभा. तो पाण्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. बाराच्या सुमाराला फर्डीच्या आवाजात फरक पडला. "पांढरा. पांढरा आलाय. जेफ्ता, जेफ्ता, चला, लवकर!"

पिंजरा बोटीला बांधलेला, वरून उघडा, डोकं पाण्याबाहेर. हवेची नळी वगैरे नाही. वरून हाक आली की श्वास कोंडायचा, दांड्याखाली पाय अडकवायचा आणि खाली जायचं. पाणी चौदा अंशांचं. छाती आवळून आली, आणि मला एकदम वाटलं की तिला रोज सकाळी पहिल्यांदा असंच वाटत असणार, रोज, आणि तरी ती आधी हात करायची. "युनिसकाका, खाली! डावीकडे!" फर्डी ओरडला. मी खाली गेलो. हिरवा अंधार, तेलाचे थेंब, माझ्याच नाकातून सुटलेले बुडबुडे. काही नाही. काही नाही. आणि मग त्या काही नाहीलाच एक तोंड फुटलं. मला जबडा अपेक्षित होता. जबडा बंद होता, कोपरे जरा खाली ओढलेले, म्युनिसिपालिटीच्या खिडकीमागे बसलेल्या माणसासारखे. पोट पांढरंफटक, गालावर जुने ओरखडे, आणि डोळा. डोळ्यात राग नव्हता, भूक नव्हती. मला पाहून त्याने माझी नोंदही घेतली नाही. एवढं मोठं शरीर एवढ्या थोड्या हालचालीने पुढे जातं हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी ज्याच्यावर नजर ठेवली तो हा नव्हताच. मी पाहिली होती ती फक्त त्याची पाठ. म्हणजे सावली, आणि तीही दुरून. पाण्याखाली नॉर्मनच्या हाताने माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. आम्ही वर आलो, हवा घेतली, तरी त्याने सोडलं नाही. "पुन्हा, युनिसकाका! उजवीकडे!" जर्मन हसले. नॉर्मनच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही.

सोमवार. रविवारच्या दुसऱ्या दिवशीचा. सात वाजून वीस मिनिटं. मानेला अजून शेवाळाचा वास होता. साबणाने गेला नव्हता. तिने हात केला, मी टोपी काढली. ठिपका लाटांपलीकडे गेला. सूर्य वर येत होता आणि पाण्यावर त्याचा एक रुंद पट्टा पडला होता, पितळेच्या पत्र्यासारखा, त्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. अशा वेळी काळं लावायचं असतं. पण स्वच्छ आकाशाखाली, आदल्या दिवशी पालेभाजीसाठी चारशे माणसं बाहेर काढलेल्या माणसाने, आज मला दिसत नाही म्हणायचं? मी हिरवं राहू दिलं. मग पट्ट्याच्या कडेला सावली दिसली. साधारण चार मीटर. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते एकच: शेवाळ पाण्याबरोबर हलतं, मासा स्वतःच्या मनाने हलतो. लाट किनाऱ्याकडे येत होती. सावली आडवी जात होती, लाटेला छेद देत, सावकाश, दोरा घालत जाणाऱ्या त्या ठिपक्याच्या दिशेने. वायरलेसवर शिरीन म्हणाली, "काका, काही आहे का?" कदाचित तिने माझा श्वास ऐकला असेल. भोंग्याचं बटण तिच्या हाताखाली होतं. मला गाड्यांचा तळ दिसला, टाळ्या दिसल्या, फोटो दिसले. "शेवाळ," मी म्हणालो. चष्मा काढला. पुसला. घातला. पुसायला किती वेळ लागतो? पट्टा तसाच होता, पितळी. ठिपका नव्हता. त्यानंतर मी भोंगा वाजवायला सांगितला, पांढरं चढवायला सांगितलं, सगळं नियमाप्रमाणे. तीन दिवसांनी टोपी सापडली, आणखी काही नाही. चौकशीत साहेबांनी विचारलं, आपल्याला काही दिसलं का. मी म्हणालो, ऊन फार होतं. त्यांनी लिहिलं, बहुधा बुडून. तीन महिन्यांनी मी गुडघ्यांचं कारण देऊन उतरलो. गुडघे खरंच दुखायचे, ही त्यातली सोय.

कोरडे कपडे घालून आम्ही वरच्या डेकवर बसलो. सूपचे पेले हातात. खाली लोक मोबाईलमध्ये शार्क शोधत होते आणि खरा शार्क बोटीच्या मागे चकरा मारत होता. तिथून, वरून, तो पुन्हा माझ्या ओळखीचा झाला. सावली. फर्डी डच मुलींना समजावत होता. "ते तिकडे काळं दिसतं ते शेवाळ, आणि हे काळं तो पांढरा. कसं ओळखायचं? शेवाळ पाण्याबरोबर जातं. हा बघा कसा जातोय. पाण्याच्या उलट." मी पेल्यात बघितलं. नॉर्मनने ऐकलं होतं. बराच वेळ तो कधी इकडच्या काळ्याकडे, कधी तिकडच्या काळ्याकडे बघत राहिला, दुकानात एकसारखे दिसणारे दोन स्क्रू हातात धरून बघावं तसा.

मी म्हणालो, "नॉर्मन, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी मी विचारतो," तो म्हणाला. "दोन वर्षं तुमच्या घरावरून जातोय मी. तुम्ही पडदा ओढून घेता ते दिसतं मला. डोळे तेवढे वाईट नाहीत माझे." त्याने पेला खाली ठेवला. "ती माळ मी घातली नसती, तर सोमवारी तुम्ही भोंगा वाजवला असतात का? नाही, थांबा. असं नको. शिरीनने सांगितलंय मला, तुम्ही शेवाळ म्हणालात म्हणून. ते खरंच शेवाळ असेल तर काय, शेवाळच. युनिसचं हृदय होतंच तसं, डॉक्टर नको म्हणायचे थंड पाण्यात. मग मी काही केलं नाही, तुम्ही काही केलं नाही. पण ते शेवाळ नसेल तर, कोनराड..." अकरा वर्षं आणि वर दोन, त्याने मला नावाने कधी हाक मारली नव्हती. "तर मी भाषण चांगलं केलं होतं हो. अजून पाठ आहे मला. रात्री म्हणतो मी ते, आपोआप." तो हसला. "एवढंच सांगा. तुम्ही बघितलंत ते कसं हलत होतं? पाण्याबरोबर, की ह्याच्यासारखं?"

खिशात वाक्य होतं. दोन वर्षं जपलेलं, कडा झिजलेल्या. मी ते त्याच्या हातावर ठेवलं असतं तर माझे खिसे रिकामे झाले असते, हे मला स्वच्छ दिसलं. सूर्याचा पट्टा नव्हता, ढग नव्हता. आणि हेही दिसलं की वाक्याचं वजन नाहीसं होत नाही, फक्त हात बदलतो. मी इतके दिवस त्याला कबुलीजबाब म्हणत होतो. तो तर माळच होता, फक्त ह्या खेपेला गळा त्याचा. मला वाटलं, खरं बोलणारी माणसं निदान आधी बघत तरी असतील का, की समोरचा पोहू शकतो की नाही. लगेच दुसरं वाटलं, की हाच विचार मला सोमवारीही किती शहाणपणाचा वाटला असता. घाबरलेल्या माणसाला नेहमी काहीतरी दयाळू सुचतं. खाली सावली वळली. तिच्या पाठीवरून एक लाट गेली आणि ती लाटेतून, लाटेच्या उलट, आमच्याकडे आली. कानात शिरीन अजून विचारत होती. काका, काही आहे का?

"पाण्याबरोबर," मी म्हणालो.

"नक्की?"

"अकरा वर्षं तेच बघत होतो, शेठ. पाण्याबरोबर."

मी चष्मा काढला होता. कधी काढला ते आठवत नाही. हातात रुमाल होता आणि मी काच पुसत होतो. चष्म्याशिवाय नॉर्मनचा चेहरा नुसता एक फिकट ठिपका होता. त्यावर काय चाललंय ते मला दिसलं नाही, आणि मी पुसत राहिलो. मग ठिपक्यातून आवाज आला. "मग बरं." थोड्या वेळाने, पुन्हा, हळू, "मग बरं." मी चष्मा घातला तेव्हा तो दोन्ही हातांनी डब्यातलं सँडविच धरून खात होता, भुकेल्या पोरासारखा, आणि त्याच्या हनुवटीला अंड्याचं पिवळं लागलं होतं. "तुम्ही काहीतरी सांगणार होतात," तो भरल्या तोंडाने म्हणाला. मी म्हणालो, विसरलो.

येताना तो झोपला. घाटात, तोंड उघडं टाकून, डोकं खिडकीला लावून. कित्येक दिवसांची झोप माणूस एका वेळी घेतो तसा. धक्क्यावर उतरताना फर्डीने आम्हाला दोन प्रमाणपत्रं दिली होती, अमुक अमुक व्यक्ती महाकाय पांढऱ्या शार्कच्या समोर निर्भयपणे उभी राहिली. एक नॉर्मनच्या मांडीवर होतं. दुसरं, युनिस जेफ्ताच्या नावाचं, माझ्या सीटमागे. ते तिचंच राहू दे असं मी ठरवलं, तिला ते शोभतं. साडेचारला आमचा किनारा आला. सिग्नलला गाडी थांबली. ऊन कलतं होतं, पाण्यावर तो पट्टा पसरला होता, पितळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्यात माणसं पोहत होती. मी सवयीने वर पाहिलं. माझ्या दगडावर कोणीतरी टोपी घालून बसलं होतं. खाली किनाऱ्यावरच्या काठीवर हिरवं निशाण होतं, वाऱ्याने ताठ झालेलं. म्हणजे वरच्या माणसाला सगळं स्वच्छ दिसत होतं.